एका घरातील दोन पिस्तुले आणि साइट बदलण्याचे काम : इंदूरमधील एक प्रकरण

इंदूरच्या लोकमान्य नगरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबात दोन पिस्तुले आहेत. पहिले दहा मीटर अंतराच्या स्पर्धेसाठीचे हवाई पिस्तूल असून घरातील सूनबाई, म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या एक प्राध्यापिका, ते नियमित सरावासाठी वापरतात. दुसरे पॉइंट बत्तीस बोअरचे, काडतुसावर चालणारे पिस्तूल असून त्याचा परवाना त्यांच्या सासऱ्यांच्या नावावर आहे. ते बहुतेक काळ कपाटात कुलूपबंद असते. दोन्ही पिस्तुलांच्या मागच्या साइटची, म्हणजे नेम धरताना जिच्या खाचेतून पाहतात त्या पट्टीची, तक्रार एकाच हिवाळ्यात पुढे आली. एका पिस्तुलाचे काम घरी झाले आणि दुसऱ्याचे घरी करू दिले नाही. हा फरक का केला आणि प्रत्येक टप्प्यावर काय पाहिले, मोजले व ठरवले, ते या टिपणात मांडले आहे. कुटुंबाने नाव न देण्याच्या अटीवर संमती दिली आहे.

इंदूर परिसराला नेमबाजी नवी नाही. महूला सैन्याची आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे. तेथे तयार झालेल्या विजय कुमार यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळवले. सीमा सुरक्षा दलाची शस्त्रे व रणनीतीची केंद्रीय शाळाही इंदुरातच आहे. त्यामुळे येथे पिस्तूल हाताळणारी जाणती माणसे भेटतात. घराघरांत मात्र शस्त्राविषयीचे ज्ञान ऐकीव असते, आणि साइटसारख्या लहान भागाचे काम तर स्क्रू पिळण्याइतके सोपे समजले जाते.

तक्रार काय होती

प्राध्यापिकाबाईंची तक्रार तिहेरी होती. गेल्या काही महिन्यांपासून पुढच्या साइटची, म्हणजे माशीची, कड धूसर दिसते. गोळ्या उभ्या रेषेत विखुरतात. आणि सकाळच्या सरावात, डावीकडच्या खिडकीतून ऊन येत असताना, गट, म्हणजे लक्ष्यावरचा गोळ्यांचा पुंजका, डावीकडे सरकतो. यावर त्यांनी स्वतःच निदान केले होते, की साइट जुन्या झाल्या असून पुढची-मागची दोन्ही बदलली पाहिजेत. त्यांनी पूर्ण संचाची किंमतही विचारून ठेवली होती आणि रविवारी घरीच काम उरकण्याचा त्यांचा विचार होता.

मी त्यांना सुट्या भागांची मागणी आठवडाभर थांबवण्याची विनंती केली. साइट बदलण्याच्या प्रकरणांत सर्वाधिक पैसा आणि सर्वाधिक धोका या घाईपायी ओढवतो, असे माझे मत आहे. भाग हाती आला की तो बसवण्याचा मोह होतो आणि मूळ दोष कोठे आहे हे पाहायचे राहून जाते.

तीन तक्रारींची कारणे तीन निघाली, त्यांपैकी पहिले पिस्तुलात नव्हतेच. चाळिशीनंतर डोळ्याची जवळचे पाहण्याची क्षमता कमी होत जाते. हात पूर्ण ताणल्यावर माशी डोळ्यापासून सुमारे एक मीटरवर येते आणि लक्ष्य दहा मीटरवर असते. दूरचे स्पष्ट दाखवणाऱ्या चष्म्यातून माशी धूसर दिसते, तर वाचनाच्या चष्म्यातून लक्ष्य पूर्ण विरघळते. नेमबाजीसाठी दूरच्या नंबरात साधारण अधिक ०.५० ची भर घातली, तर स्पष्टतेचा केंद्रबिंदू या दोहोंच्या मधल्या अंतरावर येतो, माशीची कड धारदार राहते आणि लक्ष्याचे काळे वर्तुळ वापरण्याजोगे दिसते. बाईंनी नेत्रतपासनिसाकडे जाताना मोजपट्टीने घेतलेले अंतर लिहून नेले, त्यामुळे योग्य भिंग एकाच भेटीत मिळाले. धूसरपणाची तक्रार तेथेच संपली.

दुसरे कारण माशीच्या झिजलेल्या काळ्या मुलाम्यात होते. वर्षानुवर्षे पेटीत घासून तिच्या दोन्ही कडांवर पोलाद उघडे पडले होते. डावीकडून ऊन आले की डावी कड चकाकते आणि डोळ्याला ती खाचेतील प्रकाशाचाच भाग वाटते. माशी आहे त्याहून अरुंद भासते आणि मधोमध धरली असे वाटताना ती प्रत्यक्षात प्रकाशाच्या बाजूला सरकलेली असते. गट डावीकडे जाण्याचे रहस्य एवढेच होते. जुने नेमबाज यावर कापराची काजळी धरतात, आणि हा उपाय अजूनही उत्तम आहे. कापराची ज्योत दाट, कोरडी, अजिबात न चमकणारी काजळी देते आणि ती बोटाने पुसलीही जाते. येथे एक दक्षता सांगणे आवश्यक आहे. काजळी धरायची तर माशी पिस्तुलातून काढून, चिमट्यात धरून, दुसऱ्या खोलीत धरावी. संपीडित हवेच्या नळकांड्याजवळ ज्योत नेऊ नये. ज्यांना हे नको असेल त्यांच्यासाठी साइट काळी करण्याचे फवारे मिळतात.

उभ्या विखुरण्याचे तिसरे कारण मात्र खरोखर मागच्या साइटमध्ये होते, आणि ते मोजल्यावरच दिसले.

मोजमाप

या पिस्तुलाच्या दोन साइटमधील अंतर ३२० मिलिमीटर भरले. मागच्या साइटचे पाते उंचीच्या स्क्रूवर स्प्रिंगच्या दाबाने बसलेले असते. स्प्रिंग थकली होती आणि पाते बोटाने दाबल्यास वरखाली ०.१५ मिलिमीटर हलत होते. एवढ्या हालचालीला डोळा काही समजत नाही, पण दहा मीटरवर तिचे काय होते हे त्रैराशिकाने काढता येते. साइटमधील चूक गुणिले लक्ष्याचे अंतर, भागिले दोन साइटमधील अंतर. ०.१५ ला १०,००० ने गुणून ३२० ने भागले की सुमारे ४.७ मिलिमीटर येतात. दहा मीटर हवाई पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि पुढच्या प्रत्येक वर्तुळाची त्रिज्या ८ मिलिमीटरने वाढते. म्हणजे हात, श्वास आणि चाप यांत काहीही चूक न होता केवळ स्प्रिंगमुळे अर्ध्याहून अधिक वर्तुळाचा फरक पडत होता.

खाचेची रुंदी हा याच मोजणीत हाती लागलेला दुसरा मुद्दा. माशी ४.५ मिलिमीटर रुंद होती आणि डोळ्यापासून ९४० मिलिमीटरवर होती, खाच ३.४ मिलिमीटर रुंद आणि डोळ्यापासून ६२० मिलिमीटरवर. दोन्हींचा आकार लक्ष्याच्या प्रतलावर नेऊन पाहिला की तुलना सोपी होते. माशी दहा मीटरवर सुमारे ४८ मिलिमीटर व्यापते, खाच सुमारे ५५. काळे वर्तुळ ५९.५ मिलिमीटरचे असते, त्यामुळे माशीची रुंदी ठीक होती, पण तिच्या दोन्ही बाजूंना उरणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्या जेमतेम साडेतीन मिलिमीटरच्या होत होत्या. तरुण डोळ्याला हे चालते. पन्नाशीतल्या डोळ्याला या पट्ट्या मिटल्यासारख्या दिसतात आणि डावे-उजवे समान आहे की नाही हे ठरवण्यात हात थकतो. खाच ४ मिलिमीटरची केली तर ती लक्ष्यावर सुमारे ६४.५ मिलिमीटर व्यापते आणि प्रत्येक बाजूची पट्टी आठ मिलिमीटरच्या पुढे जाते.

तेव्हा संपूर्ण संच घेण्याचा बेत रद्द झाला. माशी तीच, काळी करून, ठेवायची, मागच्या साइटचे पाते ४ मिलिमीटर खाचेचे घ्यायचे, आणि सोबत उंचीचा स्क्रू व स्प्रिंग बदलायची, असे ठरले. खर्च मूळ अंदाजाच्या लहानशा भागावर आला. मोजमापाचा खरा लाभ मात्र वेगळा होता. पुढचा भाग उघडण्याची गरजच उरली नाही, आणि न उघडलेल्या भागात चूकही होत नाही.

घरी काय करता येते, काय नाही

शस्त्र अधिनियम १९५९ मधील अग्निशस्त्राची व्याख्या रुंद आहे. स्फोटकाप्रमाणे इतर प्रकारच्या ऊर्जेने प्रक्षेप्य सोडणारी साधनेही तिच्यात येतात. शस्त्र नियम २०१६ नुसार मात्र ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवाई शस्त्रांना परवान्यातून सूट आहे. स्पर्धेच्या हवाई पिस्तुलाचा छर्रा साधारण अर्धा ग्रॅम वजनाचा असून सेकंदाला १५० मीटरच्या आसपास वेगाने सुटतो, म्हणजे त्याची ऊर्जा सुमारे सहा ज्यूल असते. सूट आहे याचा अर्थ ते निरुपद्रवी आहे असा मुळीच नाही. सहा ज्यूलचा छर्रा डोळा कायमचा घालवायला पुरेसा आहे. मालकाने पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने त्याची साइट बदलण्यास घर ही जागा पुरेशी ठरते, इतकेच.

काडतुसाच्या पिस्तुलाचे तसे नाही. त्याच अधिनियमाच्या कलम ५ नुसार अग्निशस्त्रांची दुरुस्ती आणि चाचणी यांसाठी वेगळा परवाना लागतो, आणि शस्त्र बाळगण्याचा परवाना त्याची जागा घेऊ शकत नाही. सैल साइट पुन्हा घट्ट बसवणे ही दुरुस्ती मानावी की देखभाल, यावर वाद घालता येईल. पण माझ्या मते ज्याच्या परवान्यावर प्रश्न उपस्थित होऊ शकतो त्याने तो वाद घालण्यात शहाणपण नाही.

हवाई पिस्तुलाचे काम

काम रविवारी सकाळी, मागच्या खोलीत, दाराला आतून कडी लावून केले. स्वयंपाकघराचे मेज सुचवले गेले होते, पण तेथे माणसांची ये-जा असते आणि मध्येच कोणी हाक मारली तर क्रम तुटतो. छर्ऱ्यांचा डबा आधीच दुसऱ्या खोलीतील कपाटात गेला. मेजाच्या एका टोकाला वाळूने भरलेली लाकडी पेटी ठेवली आणि संपूर्ण काम होईपर्यंत नळीचे तोंड तिच्याच दिशेला राहील असे आधी ठरवले. ही दिशा ठरवताना शेजारच्या घराशी सामाईक असलेली भिंत टाळली.

पिस्तूल रिकामे करण्याचा क्रम असा होता. प्रथम छर्रा भरण्याचा खटका उघडून भरणीच्या जागेत उजेड पाडून पाहिले. नंतर नळीच्या तोंडातून भगव्या रंगाची जाड नायलॉनची दोरी सारून ती मागे भरणीच्या जागेत दिसते का ते पाहिले, कारण नळीत मध्येच अडकलेला छर्रा मागून नजरेला पडत नाही. दोरी काढून घेऊन मग हवेचे नळकांडे सोडवले. येथे अनेक जण थांबतात, आणि ते चुकीचे आहे. बऱ्याच बनावटींत नळकांडे काढल्यानंतरही दाब नियंत्रकाच्या आतल्या कप्प्यात एक-दोन गोळ्यांपुरती हवा शिल्लक राहते. म्हणून वाळूच्या पेटीकडे तोंड धरून, छर्रा नसताना, चाप ओढून ती हवा संपवली आणि आवाज पूर्ण बंद झाल्यावरच भगवी दोरी पुन्हा नळीत घातली. काम संपेपर्यंत ती तेथेच राहिली. स्पर्धेच्या मैदानावरही नळीत अशीच सुरक्षा-दोरी ठेवण्याचा नियम आहे. ती दूरवरून दिसते आणि पिस्तुलात छर्रा नाही हे खोलीतल्या प्रत्येकाला न विचारता समजते.

पिस्तूल घडी घातलेल्या गोधडीवर टेकवले. संपूर्ण पिस्तूल व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी जबड्यांच्या शिकंज्यात, आवळण्याचा विचारही करू नये, कारण हवाई पिस्तुलाची नळी आणि तिचे आवरण पातळ असते आणि जबड्यांच्या दाबाने ते वाकते.

जुने पाते काढण्याआधी उंचीचा स्क्रू पूर्ण खाली जाईपर्यंत किती फेरे होतात हे मोजून वहीत लिहिले आणि स्क्रू पुन्हा मूळ जागी आणला. कडेच्या स्क्रूचेही तसेच केले. नवे भाग बसवल्यावर सुरुवात कोठून करायची हे त्यामुळे हाती राहते. नाही तर पहिली गोळी कागदावर पडेल की नाही याचीही खात्री नसते. स्क्रूच्या खाचेत अचूक बसणारा पेचकस वापरला. सैल पेचकसाने स्क्रूचे डोके एकदा खराब झाले की पुढची प्रत्येक खटपट जोराची होते, आणि जोर लावलेला पेचकस घसरतो तो दुसऱ्या हातावर. पात्याखालची स्प्रिंग आणि तिच्यावरची बारीक गोळी उडून हरवू नये म्हणून मागचा भाग पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घेऊनच शेवटचे फेरे सोडले. डोळ्यांवर साधा संरक्षक चष्मा होता. स्प्रिंग खरोखरच उडाली आणि पिशवीतच सापडली.

नव्या पात्याची खाच जुन्यापेक्षा ०.२ मिलिमीटर खोल असल्याचे बसवण्यापूर्वी व्हर्निअरवर, म्हणजे बारीक मापे घेण्याच्या पट्टीवर, दिसले. म्हणजे माशीचे टोक खाचेच्या कडांशी समपातळीत धरल्यास काहीच फरक नाही, कारण समपातळी पात्याच्या वरच्या कडेने ठरते, खाचेच्या तळाने नाही. हे बाईंना कागदावर आकृती काढून दाखवावे लागले. पात्याची एकूण उंची मात्र महत्त्वाची असते, आणि तीही ०.२ मिलिमीटर कमी होती. मागची साइट ज्या दिशेला हलवावी त्या दिशेला गोळी जाते, माशी हलवल्यास उलट दिशेला. त्यामुळे गोळ्या सुमारे सहा मिलिमीटर खाली पडतील असा हिशेब आधीच मांडता आला.

स्क्रू पक्का करणारे द्रव रसायन, ज्याला दुकानांत निळे थ्रेडलॉकर म्हणतात, त्याचा एक थेंब फक्त साइटचा पाया धरून ठेवणाऱ्या स्क्रूवर, आधी तेल पुसून घेऊन, लावला. उंची व बाजू सारण्याच्या स्क्रूंवर ते लावू नये. ते पुढे नेमबाजाला स्वतःच फिरवायचे असतात.

घरी एकही गोळी झाडली नाही. सरावाच्या मैदानावर लक्ष्याची कोरी पांढरी बाजू पुढे करून पाच गोळ्यांचा पहिला गट घेतला. काळे वर्तुळ दिसले की डोळा त्याच्यामागे धावतो, कोऱ्या कागदावर माशीवर टिकतो. गट खाली पडला, हिशेबाच्या जवळच. त्यानुसार उंचीचा स्क्रू फिरवून आणखी गट घेतले आणि उभे विखुरणे उघड कमी झाल्याचे कागदावर दिसले. सकाळच्या उन्हातही गट आता डावीकडे ओढला जात नाही.

दुसरे पिस्तूल

काम नीट झाल्याच्या समाधानात असतानाच बाईंच्या मुलाने दुसरा विषय काढला. तो यंत्र अभियांत्रिकीचा पदविकाधारक असून त्याचा हात चांगला आहे. आजोबांच्या पिस्तुलाची मागची साइट अंगठ्याने सरकते हे त्याने पूर्वी पाहिले होते. सियागंज बाजारातून आणलेली पितळी सळई, हातोडी आणि बेंच व्हाइस घरात होतेच. "हत्यारं मांडलेलीच आहेत, तर आबांचंही आजच करून टाकू," असे तो म्हणाला. आजोबांचीही हरकत नव्हती. "रिकामंच आहे ते, काळजी करू नकोस," असे सांगून ते कपाटाकडे गेले.

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा क्षण मी हाच मानतो. सकाळभर क्रम पाळणारी, सावध असलेली तीन माणसे एका यशस्वी कामानंतर तोच आत्मविश्वास दुसऱ्या, वेगळ्या जातीच्या वस्तूकडे घेऊन निघाली होती.

परवानाधारक आजोबाच असल्याने पिस्तूल त्यांनीच हाताळावे आणि इतरांनी त्यांच्या मागे उभे राहावे, असे मी सुचवले. वाळूच्या पेटीकडे तोंड धरून त्यांनी आधी मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढले. त्यात काडतुसे होती. मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, मागे ओढून अडकवली, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) डोळ्याने पाहिले आणि करंगळी घालून चाचपले. चेंबर रिकामे होते. आजोबा खोटे बोलले नव्हते. चेंबरमध्ये काडतूस नाही एवढेच त्यांच्या मनात होते, आणि नातवाने त्यावरून पिस्तुलात काडतूसच नाही असे धरले होते. मॅगझिन आत असताना कोणी स्लाइड एकदा मागे ओढून सोडली असती, तर वरचे काडतूस आपोआप चेंबरमध्ये गेले असते, आणि "तपासून रिकामे केले" अशा समजुतीत भरलेले पिस्तूल व्हाइसपाशी पोचले असते. म्हणून आधी मॅगझिन आणि मग स्लाइड हा क्रम कधीही उलटा करता येत नाही. एखाद्याने दुसऱ्याच्या हातात पिस्तूल दिले, तर घेणाऱ्याने देणाऱ्याच्या देखत सारे पुन्हा पाहावे. त्यात कोणाचा अविश्वास नसतो. काडतुसे त्याच वेळी आजोबांनी वेगळ्या कुलूपबंद डब्यात हलवली आणि ती यापुढे तशीच वेगळी राहतील असे ठरले.

साइट सैल का झाली हे भिंगातून स्पष्ट दिसत होते. या पिस्तुलाची मागची साइट स्लाइडमधील डव्हटेल खाचेत, म्हणजे तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद अशा आडव्या खोबणीत, केवळ घट्टपणाच्या जोरावर बसते. स्क्रू नसतो. पूर्वी कधीतरी कोणी पोलादी पंचाने ती ठोकली होती. साइटच्या बाजूवर आणि खोबणीच्या कडेवर ठोक्यांच्या खुणा होत्या आणि कड किंचित पसरली होती. दोन साइटमधील अंतर अवघे १३० मिलिमीटर असल्याने येथे अर्ध्या मिलिमीटरच्या सरकण्याचा परिणाम दहा मीटरवर सुमारे ३८ मिलिमीटर होतो. हवाई पिस्तुलापेक्षा हा दोष कितीतरी मोठा होता.

मुलाची योजना स्लाइड व्हाइसमध्ये धरून, खोबणीच्या कडा हातोडीने किंचित आत दाबून साइट आवळण्याची होती. यंत्रशाळेत शिकलेल्या माणसाला हे स्वाभाविक वाटते. पण त्यात तीन गोष्टी बिघडतात. कडा आत दाबल्या की पुढची नवी साइट कधीच नीट बसत नाही. स्लाइड जबड्यांत तिरकी आवळली गेली तर तिच्या बाजू वाकतात आणि ती पुढेमागे अडकू लागते, जो दोष सैल साइटपेक्षा भयंकर आहे. तिसरे, पिस्तुलावरचा ओळख क्रमांक पुसणे किंवा बदलणे कलम ८ ने निषिद्ध आहे, आणि या पिस्तुलाचा क्रमांक स्लाइडवर खोबणीपासून फार दूर नव्हता. घसरलेल्या पंचाचा ओरखडा त्यावर पडला तर तो अपघात होता हे सिद्ध करण्याची पाळी ऐंशीच्या घरातील माणसावर आली असती. मुलाने हे ऐकून घेतले, आणि व्हाइस मिटला.

परवानाधारक कारागिराकडे

अधिनियमाच्या कलम ३ मधील तरतुदीनुसार परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती शस्त्र दुरुस्तीसाठी नेऊ शकते. अधिकारपत्र देऊन नातवाला पाठवता आले असते. आजोबांनी स्वतः जाण्याचे ठरवले आणि नातू सोबत गेला, हे मला अधिक बरे वाटले, कारण दुकानात निर्णय घ्यावा लागतो आणि तो मालकाने घ्यावा.

निर्णय खरोखरच घ्यावा लागला. कारागिराने दोन पर्याय ठेवले. पहिला स्वस्त, खोबणीच्या तळाला पंचाने बारीक उंचवटे पाडून जुनीच साइट घट्ट करण्याचा. दुसरा किंचित मोठ्या पायाची नवी साइट घेऊन तिचा पाया खोबणीच्या मापाला घासून बसवण्याचा. पहिल्यात क्रमांक असलेल्या, न बदलता येणाऱ्या भागावर खुणा होतात. दुसऱ्यात जे काही घासायचे ते बदलता येणाऱ्या भागावर. आजोबांनी दुसरा निवडला. मलाही तोच योग्य वाटतो, आणि कारागिराने स्वतःहून हा भेद समजावून सांगितला, याचा उल्लेख करणे मला कर्तव्य वाटते.

बसवण्याची पद्धत नातवाने उभे राहून पाहिली आणि ती सांगण्यासारखी आहे. पिस्तूल उघडून नळी व स्प्रिंग बाजूला काढली आणि फक्त स्लाइड ॲल्युमिनिअमच्या मऊ जबड्यांत, पूर्ण लांबीवर टेकलेली, धरली. खोबणी कोणत्या बाजूला किंचित निमुळती आहे हे आधी व्हर्निअरने पाहिले. बहुतेक बनावटींत साइट उजवीकडून आत जाते आणि उजवीकडेच बाहेर येते, पण सर्व बनावटी सारख्या नसतात आणि चुकीच्या दिशेने ठोकली की खोबणी फाकते. नव्या साइटचा पाया तळाकडून थोडा-थोडा घासत, प्रत्येक वेळी हाताने घालून पाहिला. साइट बोटाच्या जोराने साधारण एक तृतीयांश आत जाऊ लागल्यावर घासणे थांबवले. उरलेला प्रवास हातोडीने न करता स्क्रूच्या दाबाने साइट ढकलणाऱ्या साधनाने झाला. हे साधन दाब सरळ रेषेत आणि सावकाश देते, त्यामुळे घसरण्याचा प्रश्न राहत नाही. शेवटी स्लाइडच्या दोन्ही कडांपासून अंतर मोजून साइट मध्यावर आणली आणि साइट व स्लाइड यांच्या सांध्यावर पांढऱ्या रंगाची केसाएवढी रेघ ओढली. साइट पुढे कधी सरकली तर रेघ तुटलेली दिसेल.

चाचणी घराच्या गच्चीवर किंवा गावाकडच्या शेतात करण्याची सूचना नात्यातल्या एकाने केली होती. २०१९ च्या दुरुस्तीने निष्काळजीपणे किंवा आनंदोत्सवात गोळीबार करून इतरांची सुरक्षितता धोक्यात आणण्याला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. पण कायदा नसता तरीही ती सूचना स्वीकारण्यासारखी नव्हती, कारण मागे मातीचा भक्कम बांध नसलेल्या जागी गोळी कोठे थांबेल हे कोणालाच सांगता येत नाही. आजोबांनी अधिकृत मैदानावर, वाळूच्या पोत्यावर हात टेकून, स्वतः पाच गोळ्या झाडल्या. गट थोडा डावीकडे पडला. साइट पुन्हा सरकवून तो मध्यावर आणता आला असता, पण मनगट आखडलेल्या वृद्ध हाताची ओढ त्यात किती आणि साइटची किती हे पाच गोळ्यांवरून ठरत नाही. म्हणून साइट होती तेथेच ठेवली आणि गटाचा कागद तारखेसह परवान्याच्या फाइलमध्ये लावला. पुढच्या वेळी नातवाऐवजी मैदानावरचा प्रशिक्षक आजोबांची पकड पाहणार आहे, आणि साइटला हात लावायचा की नाही हे त्यानंतर ठरेल.